रांग कुठे लावायची? वर्कर थ्रेड्सचा छोटासा इतिहास

अपाची वेब सर्व्हर ज्यांनी कधी ना कधी चालवलाय, त्यांना एरर लॉगमधली एक ओळ नक्की आठवत असेल. गर्दी झाली की सर्व्हर लिहायचा, मॅक्सक्लायंट्सची मर्यादा गाठली आहे, ती वाढवायचा विचार करा. २०१२ साली आलेल्या २.४ आवृत्तीत त्या सेटिंगचं नाव बदलून मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स झालं, पण सल्ला तोच राहिला. वाढवा! खुद्द सर्व्हरच सांगतोय म्हटल्यावर कोण कशाला विचार करत बसतंय? १५० चे ३००, ३०० चे ६००. आणि बऱ्याच वेळा व्हायचं असं की आधी नुसती रखडणारी साइट आकडा वाढवल्यावर पार झोपायची.

तर मंडळी, या शनिवारी त्या आकड्याबद्दल. वेब सर्व्हरमध्ये एका वेळी किती वर्कर ठेवायचे हा प्रश्न दिसायला कॉन्फिगरेशन फाइलमधल्या एका ओळीचा आहे. पण त्याचं उत्तर शोधता शोधता गेल्या तीस वर्षांत ऑपरेटिंग सिस्टिम्सची आतली यंत्रणा बदलली, नवे सर्व्हर आले, जावासारख्या भाषेच्या पोटात मोठी शस्त्रक्रिया झाली. आणि तरी तो आकडा काही गेला नाही. माझ्या मते कारण सोपं आहे. तो वेगाचा आकडा नाहीच. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, याचा तो आकडा आहे. बाकीच्यांनी कुठे थांबायचं हे त्यातूनच ठरतं.

हा प्रश्न वेबपेक्षा खूप जुना आहे, म्हणून सुरुवात कोपनहेगनपासून करू. ॲग्नर क्रारुप एरलांग हा डॅनिश गणिती १९०८ साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीत लागला. कंपनीपुढचा प्रश्न असा होता: गावात इतकी माणसं इतके फोन करतात, तर एक्स्चेंजमध्ये लाइन्स किती टाकायच्या? कमी टाकल्या तर लोकांना फोन लागणार नाही, जास्त टाकल्या तर तांब्यात पैसे बुडणार. १९०९ आणि १९१७ च्या निबंधांत त्यानं याचं गणित मांडलं आणि रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं. पुढे टेलिफोनच्या वाहतुकीचं एकक त्याच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं.

त्याचं सूत्र आपल्या कामात कसं बसतं पाहा. समजा सर्व्हरवर सेकंदाला १०० रिक्वेस्ट्स येतात आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागतो. म्हणजे सरासरी २० रिक्वेस्ट्स कायम आत असणार, अर्थात २० एरलांगचं काम. मग २० वर्कर पुरतील? नाही. कारण रिक्वेस्ट्स शिस्तीत एकामागून एक येत नाहीत, लोकलमधून माणसं उतरावीत तशा घोळक्यानं येतात. एरलांगच्या सूत्रानुसार २० लाइन्स ठेवल्या, आणि थांबायची सोय नसली, तर शंभरातले सुमारे १६ कॉल परत जातात. लाइन्स ३० केल्या की तेच प्रमाण शंभरात एकाच्याही खाली येतं. नुसत्या दहा लाइन्सनी इतका फरक पडतो! आणि त्याच्यापुढे ३० चे ३०० केले तर? फारसं काही होत नाही. जी अडचण होती ती ३० लाच संपली.

‘सरासरी आत असलेले = येण्याचा वेग × लागणारा वेळ’ हा जो गुणाकार मी वर सहज करून टाकला, त्याची सर्वसाधारण सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ साली दिली. लिटलचा नियम म्हणतात त्याला. पुढे तो दोन-तीनदा लागणार आहे, लक्षात असू द्या.

आता वेबकडे येऊ. १९९३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल यांनी लिहिलेला वेब सर्व्हर सुरुवातीच्या काळात फार लोकप्रिय झाला. त्याची पद्धत युनिक्सच्या परंपरेला धरून होती. रिक्वेस्ट आली की फोर्क करायचं, म्हणजे स्वतःची एक नवी प्रत काढायची. ती प्रत काम करणार आणि मरणार. दिवसाला काही हजार हिट्स असताना हे छान चाललं. पण प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा वेटर नेमायचा आणि बिल दिल्यावर त्याला कामावरून काढायचं, असा तो प्रकार होता. गर्दी वाढली तसा नेमणुकीचा खर्चच जेवणापेक्षा जास्त व्हायला लागला.

मॅकूल १९९४ साली तिथून बाहेर पडले आणि मूळ सर्व्हरचं काम थंडावलं. तो वापरणारे लोक आपापली ठिगळं एकमेकांना देत राहिले, आणि त्यातून १९९५ साली अपाची उभा राहिला. त्याच वर्षी उन्हाळ्यात रॉबर्ट थाऊ यांनी त्याच्यासाठी नवा आराखडा लिहिला, ‘शंभाला’ या नावानं. त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती: वेटर आधीच नेमून ठेवायचे. काही प्रोसेस सुरुवातीलाच फोर्क करून ठेवायच्या, गर्दी वाढली की थोड्या वाढवायच्या, ओसरली की कमी करायच्या. यालाच प्रीफोर्क म्हणतात. वर्षभरातच अपाचीनं मूळ सर्व्हरला मागे टाकलं.

पण एकदा वेटर आधीच नेमायचे ठरले की जास्तीत जास्त किती, हे कुणीतरी सांगायला हवं. मॅक्सक्लायंट्स आलं ते इथे. अपाची १.३ बरोबर मिळणाऱ्या नमुना फाइलमध्ये हा आकडा १५० असायचा. आणि २५६ च्या वर जायचं असेल तर नुसती फाइल बदलून भागायचं नाही, सोर्समधली मर्यादा बदलून अख्खा सर्व्हर पुन्हा कंपाइल करावा लागायचा. तेव्हा हा जाच वाटायचा. आज वाटतं, तेवढी मेहनत होती म्हणून माणूस निदान एकदा तरी विचार करत असेल.

कारण हिशोब मेमरीचा होता. पीएचपी पोटात घेतलेली अपाचीची एक प्रोसेस समजा २० एमबी खाते. मशीनला १ जीबी मेमरी. सगळी मेमरी याच कामाला दिली तरी ५० प्रोसेस बसतात. तुम्ही लिहिलंय १५०. एरवी काही कळत नाही, कारण एरवी ५० पर्यंत पोचतच नाही. एक दिवस कुठेतरी साइटचं नाव छापून येतं, गर्दी होते, एक्कावन्नावी प्रोसेस उठते आणि मशीन हार्ड डिस्कला मेमरी म्हणून वापरू लागतं. डिस्क मेमरीच्या कितीतरी पट हळू. त्यामुळे प्रत्येक रिक्वेस्टला जास्त वेळ लागतो. जास्त वेळ म्हणजे, लिटलच्या नियमानं, आत असलेल्यांची संख्या वाढणार. म्हणजे आणखी प्रोसेस, आणखी मेमरी, आणखी स्वॅपिंग. या भोवऱ्यातून मशीन स्वतःहून बाहेर येत नाही. आणि नेमकं याच वेळी लॉग सांगत असतो, आकडा वाढवा!

दुसरी गंमत कीप-अलाइव्हची. १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून एकदा जोडलेलं कनेक्शन लगेच न तोडता उघडं ठेवायची पद्धत सर्रास झाली. ब्राउझरच्या दृष्टीनं उत्तमच, प्रत्येक चित्रासाठी नव्यानं हात मिळवायला नको. पण अपाचीमध्ये त्या उघड्या कनेक्शनसाठी एक अख्खी प्रोसेस अडकून पडायची, आणि वाट पाहण्याची मूळ मुदत होती १५ सेकंद. करा गुणाकार: सेकंदाला १० नवे पाहुणे, प्रत्येकाचं एक कनेक्शन, १५ सेकंद. १५० वर्कर गुंतले, तेही काही न करता! नुसते ताटं पुसत उभे. पुढे २.२ आवृत्तीत ही मुदत ५ सेकंदांवर आली.

मग प्रोसेसऐवजी थ्रेड्स का नाहीत? थ्रेड्स एकाच प्रोसेसच्या पोटात राहतात, मेमरी वाटून घेतात, स्वस्त पडतात. २००२ साली आलेल्या अपाची २.० मध्ये ‘वर्कर’ नावाची पद्धत आली ती याचसाठी. मूळ सेटिंग असं: प्रत्येक प्रोसेसमध्ये २५ थ्रेड्स, जास्तीत जास्त १६ प्रोसेस, एकूण ४००. कागदावर झकास. पण दोन अडचणी होत्या.

पहिली अडचण लिनक्सची. तेव्हाची लिनक्सथ्रेड्स ही लायब्ररी प्रत्येक थ्रेडला जवळजवळ स्वतंत्र प्रोसेससारखंच वागवायची, आणि हजारो थ्रेड्स झाले की ती धापा टाकायची. रेड हॅटमधल्या उलरिक ड्रेपर आणि इंगो मोलनार यांनी एनपीटीएल ही नवी लायब्ररी लिहिली आणि २००३ च्या रेड हॅट लिनक्स ९ मधून ती लोकांपर्यंत पोचली. एक लाख थ्रेड्स सुरू करायला आधी १५ मिनिटांच्या आसपास लागायची, त्याला आता २ सेकंद पुरू लागले. तरी ३२ बिटी मशीनवर पत्त्यांची जागा मोजकीच. साधारण ३ जीबी प्रोग्रामच्या वाट्याला, प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकला ठरलेले ८ एमबी. ३०७२ भागिले ८, म्हणजे ३८४. स्टॅकचा आकार मुद्दाम कमी केला नाही तर एका प्रोसेसची उडी इथेच संपायची.

दुसरी अडचण पीएचपीची. पीएचपीबरोबर येणाऱ्या असंख्य लायब्रऱ्या थ्रेड्समध्ये सुरक्षित चालतील याची हमी कुणीच देत नव्हतं. त्यामुळे पीएचपीवाल्यांचा सल्ला प्रीफोर्कच वापरा असा होता, आणि स्वस्तातल्या होस्टिंगवर चालणाऱ्या लाखो साइट्स पुढची कित्येक वर्षं जुन्याच पद्धतीवर राहिल्या. त्यातून सुटका झाली ती पीएचपी-एफपीएम मुळे. २०१० साली तो पीएचपीच्या मूळ गाठोड्यात आला आणि पीएचपीच्या प्रोसेस वेब सर्व्हरबाहेर वेगळ्या राहू लागल्या. पण त्याची कॉन्फिगरेशन फाइल उघडा. पहिल्या काही सेटिंग्जमध्ये काय दिसतं? जास्तीत जास्त किती पोरं ठेवायची त्याचा आकडा! म्हणजे आकडा गेला नाही, त्यानं फक्त घर बदललं.

याच सुमारास एक वेगळाच विचार मूळ धरत होता. १९९९ साली डॅन केगेल यांनी ‘सी-टेन-के’ नावाचं एक पान लिहिलं. एका मशीननं एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइकं का सांभाळू नयेत, असा त्यांचा प्रश्न. १००० मेगाहर्ट्झचं, २ जीबी मेमरीचं मशीन घ्या. वीस हजार लोक आले तरी प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलोहर्ट्झ आणि १०० किलोबाइट्स येतातच की. एवढ्यात एक फाइल डिस्कवरून उचलून नेटवर्कवर टाकता येऊ नये? म्हणजे खोट मशीनमध्ये नव्हती, ‘गिऱ्हाइकामागे एक वेटर’ या समजुतीत होती. गिऱ्हाईक मेनूकार्ड वाचत असताना वेटरनं शेजारी उभं का राहावं? त्यानं दहा टेबलांकडे नजर ठेवावी आणि जो हात वर करेल तिथे जावं.

असा हात वर झालेला चटकन कळण्याची सोय आधी फ्रीबीएसडीमध्ये झाली, २००० साली, केक्यू या नावानं, आणि मग लिनक्समध्ये ईपोल म्हणून. त्याच पायावर रशियातल्या रॅम्बलर या पोर्टलमध्ये काम करणाऱ्या इगोर सिसोएव यांनी २००२ साली एंजिनएक्स लिहायला घेतला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये जगासाठी खुला केला. त्यात वर्कर किती? साधारण प्रोसेसरच्या कोअर जितक्या, तितके. चार कोअर, चार वर्कर, आणि त्यातला प्रत्येक हजारो कनेक्शन्स सांभाळतो. ज्यांनी ४०० थ्रेड्सचे हिशोब केले होते त्यांना हे पाहून कसं वाटलं असेल, कल्पना करा.

जुन्या पद्धतीचं दुखणं २००९ साली चारचौघांत उघडं पडलं. रॉबर्ट हॅन्सन यांनी स्लोलोरिस नावाची एक छोटी स्क्रिप्ट प्रसिद्ध केली. ती सर्व्हरवर धाड वगैरे घालत नाही. ती फक्त सावकाश बोलते. रिक्वेस्टची एक ओळ पाठवायची, थांबायचं, आणखी एक पाठवायची, पण वाक्य पूर्ण करायचंच नाही. अपाचीचा वर्कर बिचारा सभ्यपणे ऐकत बसतो. असे सगळे वर्कर गुंतवले की साध्या घरगुती कनेक्शनवरचा एक लॅपटॉप मोठा सर्व्हर बंद पाडू शकतो, आणि त्या वेळी प्रोसेसर मात्र निवांत असतो. मग सावकाश बोलणाऱ्यांना मुदत घालणारं मॉड्यूल अपाचीत आलं. एंजिनएक्सला त्या हल्ल्याचा असा त्रास नव्हता, कारण त्याच्याकडे कुणासाठी ताटकळणारा वर्करच नव्हता.

मग झालं की सगळं छान? थ्रेड्सचा प्रश्न मिटला? इथे खरी मेख आहे.

उडप्याच्या हॉटेलात तुम्ही वेटर कितीही हुशार ठेवा, मसाला डोसा तव्यावरच होणार, आणि तवा एकच आहे. आपल्या साइट्सचा तवा म्हणजे डेटाबेस. काही वर्षांपूर्वी मी एका विमा कंपनीच्या साइटवर काम करत होतो. ३१ मार्चला कर वाचवायचा म्हणून सगळा देश एकदम प्रीमियम भरायला येतो. आधीच्या टीमनं टॉमकॅटचे थ्रेड्स मूळच्या २०० वरून १००० केले होते, आणि ते उपाशी राहू नयेत म्हणून डेटाबेसची कनेक्शन्स ५०० केली होती. डेटाबेसला कोअर होत्या १६. त्या संध्याकाळी पान उघडायला पाऊण मिनिट लागत होतं. माणूस पाऊण मिनिट थांबत नाही, तो पुन्हा बटण दाबतो. म्हणजे सर्व्हर अशा रिक्वेस्ट्ससाठी राबत होता ज्यांचे मालक केव्हाच उठून गेले होते, आणि त्याच मालकांच्या नव्या रिक्वेस्ट्स मागे रांगेत उभ्या होत्या. काहींचे पैसे दोनदा कापले गेले. कुणाच्या तरी पगारातले, हो.

कनेक्शन्स ४० आणि थ्रेड्स १५० करायचं ठरलं तेव्हा तिथले एक साहेब कळवळून म्हणाले, “अहो, गर्दी वाढलीय आणि तुम्ही काउंटर बंद करताय?” प्रश्न चुकीचा नव्हता. पण १६ कोअरवर ५०० जणांनी एकदम भांडायचं म्हणजे निम्मा वेळ कोण कुठे होता ते आठवण्यात आणि एकमेकांची कुलुपं उघडण्याची वाट पाहण्यातच जातो. आकडे उतरवल्यावर आत आलेल्याचं काम दोन-तीन सेकंदांत व्हायला लागलं. ज्याला आत घेता येत नव्हतं त्याला ‘एका मिनिटानं पुन्हा या’ असं पान दिसत होतं, आणि तो एका मिनिटानं आला की काम होत होतं.

हे काही आमचं संशोधन नाही. ओरॅकलच्याच परफॉर्मन्स टीमचं एक प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे. त्यात कनेक्शन्सची संख्या दोन हजारांवरून शंभराच्या आत आणली, बाकी काहीही बदललं नाही, आणि प्रतिसादाचा वेळ सुमारे १०० मिलिसेकंदांवरून सुमारे २ वर आला. पोस्टग्रेसच्या मंडळींमध्येही एक जुना अंदाज फिरतो: कोअरची दुप्पट, अधिक डिस्क्सची संख्या. म्हणजे चार कोअर आणि एका डिस्कला नऊ! नऊ कनेक्शन्सवर साइट चालवा म्हटलं तर कुणालाही धडकी भरेल, पण सुरुवात तिथून करून मोजत वर जायला हरकत नाही.

या इतिहासातला ताजा अध्याय जावाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड्स पक्के झाले. हे थ्रेड्स इतके हलके की लाखांनी बनवा. आता रिक्वेस्टमागे एक थ्रेड बिनदिक्कत ठेवता येतो, कारण तो थांबला की त्याच्याखालचा खरा थ्रेड दुसऱ्याच्या कामाला लागतो. शेवटी आकडा गेला म्हणायचा! पण २०२४ साली नेटफ्लिक्सच्या इंजिनिअर्सनी एक अनुभव लिहिला. त्यांचे टॉमकॅटवरचे काही सर्व्हर अचानक गप्प व्हायचे. शोधल्यावर सापडलं ते असं: चार कोअर, म्हणून खाली खरे थ्रेड्स चारच. चार व्हर्च्युअल थ्रेड्स एका विशिष्ट पद्धतीच्या कुलुपात शिरून त्या चौघांना धरून बसले होते, आणि ज्याची पाळी होती त्याला पळायला खरा थ्रेडच उरला नव्हता. जावा २४ नं हे दुखणं बरंचसं दूर केलंय. पण लाखो थ्रेड्सच्या खाली चार वर्करचा एक आकडा होताच, फक्त दिसत नव्हता. एंजिनएक्सचंही तसंच. २०१५ साली डिस्कवरच्या संथ वाचनासाठी त्यानंही थ्रेड पूल घेतला, मूळ सेटिंग ३२. आणि नोडच्या एका थ्रेडचं कौतुक करताना त्याच्या मागे चार थ्रेड्सचा पूल फाइल्स वाचत असतो हे आपण विसरतो.

मग आकडा ठरवायचा कसा? माझा क्रम साधा आहे. आधी तवा शोधायचा: डेटाबेस, डिस्क, दुसऱ्या कुणाची एपीआय, जे सगळ्यात आधी दमतं ते. त्याला एका वेळी किती झेपतात ते मोजायचं, अंदाजानं लिहायचं नाही. मग येण्याचा वेग गुणिले लागणारा वेळ करून वर थोडी मोकळीक ठेवायची, एरलांगच्या तीस लाइन्ससारखी. आणि मग ज्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात ती गोष्ट: बाहेरची रांग. टॉमकॅटमध्ये तिचा मूळ आकडा १०० आहे, अपाचीत ५११. लिनक्स मात्र स्वतःची वरची मर्यादा लावतं. ती बरीच वर्षं १२८ होती, २०१९ च्या ५.४ कर्नलपासून ४०९६ आहे. म्हणजे कर्नल बदलला की तुमच्या दाराबाहेरची रांग तुम्हाला न विचारता लांब होऊ शकते. ती किती लांब असावी, हे माणूस किती वेळ थांबेल यावर ठरवा. दहा सेकंद थांबणार असेल तर पाऊण मिनिटाची रांग ठेवण्यात काही अर्थ नाही.

आपल्याकडे ‘साइट डाउन आहे’ ही शिवी आहे आणि ‘साइट स्लो आहे’ ही नुसती कुरकूर. त्यामुळे आपण कुणालाच नाही न म्हणता सगळ्यांना आत घेतो आणि सगळ्यांनाच ताटकळत ठेवतो. पण पलीकडच्या बाजूनं पाहा. कार्ड नंबर टाकून, पैसे कापले गेले की नाही हे न कळता, फिरत्या चक्राकडे बघत बसलेल्या माणसाला ‘आत्ता गर्दी आहे, एका मिनिटानं या’ एवढं सरळ उत्तर मिळालं तर त्याचे निदान पैसे तरी दोनदा जात नाहीत. ५०३ हा कोड त्यासाठीच आहे, आणि किती वेळानं यायचं हे सांगायची सोयही त्याच्यासोबत आहे. ती वापरायला लाजू नका.